बिल्ड सिस्टीम बदलायची आहे? जरा थांबा

ऑटोटूल्सला वैतागून प्रकल्प सीमेकवर किंवा मेसॉनवर न्यावा, असं ओपन सोर्समध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी वाटतंच. आम्हालाही वाटलं. जुन्या फॉन्टांतला मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणणारी आमची एक छोटी लायब्ररी आहे, सी भाषेतली. तिची कॉन्फिगर स्क्रिप्ट चालायलाच कंपाइल होण्यापेक्षा जास्त वेळ लागायचा, आणि नव्या मुलांपैकी एकही जण एमफोर मॅक्रोंना हात लावायला धजत नव्हता. सीमेक ठरलं. थोड्याच दिवसांत बिल्ड चालू झाला, चाचण्या सगळ्या हिरव्या. पंचाईत पुढे झाली.

पहिली तक्रार आली वेगाची. ऑटोकॉन्फ तुम्ही काही न सांगताही जीसीसीला ‘ओ-टू’ ऑप्टिमायझेशन लावून देतं. सीमेकला बिल्डचा प्रकार सांगितला नाही, तर ते काहीच लावत नाही. म्हणून ‘रिलीज’ हा प्रकार ठरवून टाकला, वेग परत आला, सगळे खूश. पण सीमेकचा ‘रिलीज’ सोबत ‘एनडीबग’ही लावतो, आणि एनडीबग लागला की सी-मधले सगळे असर्ट गायब होतात. आमच्या चाचण्या तर निव्वळ असर्टवर उभ्या होत्या! एकाने सहज म्हणून रूपांतराच्या तक्त्यात ‘क्ष’च्या जागी ‘ज्ञ’ टाकून पाहिला, तरी चाचणी पासच. ती काही तपासतच नव्हती. (मेसॉन असर्ट असे परस्पर काढत नाही, पण त्याचा न सांगता होणारा बिल्ड ‘डीबग’ असतो, म्हणजे तिथेही वेगाचं रडगाणं आहेच.) तेव्हा नव्या सिस्टीमवर चाचण्या पास झाल्या की आधी कोडमध्ये मुद्दाम एक चूक घाला आणि चाचणी लाल होते का ते बघा.

दुसरा प्रकार जास्त वाईट, कारण त्यात काहीच तुटत नाही. जुनी स्क्रिप्ट आयकॉन्व्ह लायब्ररी आहे का हे तपासून कॉन्फिग डॉट एच फाइलमध्ये तशी नोंद करायची. नव्या सीमेक फाइलमध्ये ती तपासणी आलीच नाही. कोडमध्ये ‘इफडेफ’ असल्याने कंपायलरने हूं की चूं केलं नाही. यूटीएफ-१६ मध्ये मजकूर लिहिण्याची सोय तेवढी गुपचूप बंद पडली.

या तपासण्या किती नाजूक असतात ते एक्सझेड या कॉम्प्रेशन लायब्ररीच्या प्रकरणात जगाने पाहिलं. २०२४ च्या मार्चमध्ये त्यातलं बॅकडोअर उघडकीला आलं. ५.६.० आणि ५.६.१ च्या टारबॉलमध्ये एक एमफोर फाइल अशी होती, जी गिटमध्ये नव्हतीच. त्याच प्रकल्पाच्या सीमेक फाइलमध्ये तपासणीच्या कोडमध्ये एक जादा टिंब घातलेलं सापडलं. त्या टिंबामुळे तपासणीचा तुकडा कधीच कंपाइल होणार नव्हता, आणि लँडलॉक हे सुरक्षा कवच ‘उपलब्ध नाही’ असं समजून बंद राहणार होतं. तिथे ते कुणीतरी हेतुपुरस्सर केलं. स्थलांतराच्या घाईत तेच नकळत होतं.

उपाय कंटाळवाणा आहे, पण तोच खरा. एकाच मशीनवर दोन्ही सिस्टीमनी बिल्ड करा, दोन्हीकडच्या कॉन्फिग डॉट एच क्रमवार लावून त्यांचा डिफ काढा, आणि प्रत्येक फरकाचं कारण लिहून ठेवा. मग दोन रिकाम्या फोल्डरांत इन्स्टॉल करून फाइलींच्या याद्याही ताडून बघा. आमची पीसी फाइल आणि मॅन पेज दोन्ही गळाली होती, हे तेव्हाच कळलं.

लायब्ररी असेल तर एसओ-नेमकडे डोळ्यात तेल घालून बघा. लिबटूलमध्ये ‘५:२:३’ लिहिलं की लिनक्सवर एसओ-नेममध्ये पाच येत नाही, पाच वजा तीन म्हणजे दोन येतो, आणि फाइलच्या नावाच्या शेवटी २.३.२. हे गणित माहीत नसलेला माणूस सीमेकमध्ये बिनधास्त पाच लिहितो, आणि तुमच्या लायब्ररीवर आधीपासून चालणारे प्रोग्रॅम नवी आवृत्ती टाकताच सुरूच होत नाहीत.

दोन्ही सिस्टीम किती दिवस ठेवायच्या? पोस्टग्रेसने २०२३ च्या १६ व्या आवृत्तीत मेसॉन आणलं आणि जुनी ऑटोकॉन्फ-मेकची वाटही ठेवली. त्यांच्याकडे दोन्ही सांभाळायला माणसं आहेत. सिस्टमडीने २०१७ मध्ये २३४ व्या आवृत्तीत मेसॉन दिलं आणि लगेच पुढच्या आवृत्तीत ऑटोटूल्स काढून टाकलं. चार-पाच जणांच्या प्रकल्पाने सिस्टमडीचा कित्ता गिरवावा. दोन सिस्टीम चालू ठेवल्या की प्रत्येक नवी फाइल दोनदा नोंदवावी लागते, आणि एका ठिकाणी ती राहतेच.

आणि डेबियन, फेडोरासाठी तुमचं पॅकेज बांधणाऱ्यांना रिलीजच्या आधी कळवा, नंतर नाही. त्यांच्या पॅकेजच्या स्क्रिप्टमध्ये कॉन्फिगरचे पर्याय नावानिशी लिहिलेले असतात. जुना कोणता पर्याय नव्या सिस्टीममध्ये कोणत्या नावाने आहे, याचा एक तक्ता रिलीजसोबत द्या.