सार्वजनिक खरेदी आणि पर्यावरण : एक चिंतन

विनयपिटकात एक बोधप्रद प्रसंग आहे. कौशांबीच्या उदयन राजाच्या राण्यांनी भदन्त आनंदांना पाचशे वस्त्रे दान केली. एवढ्या वस्त्रांचे काय करणार, असे राजाने विचारले. आनंद म्हणाले, ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत त्या भिक्खूंना ती देऊ. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांची आच्छादने होतील, पुढे खोळी, अंथरणे, पायपुसणी, फडकी. आणि अखेरीस त्यांचे तुकडे चिखलात कालवून जमीन लिंपली जाईल. राजाचे समाधान झाले. वस्तू हाती घेतानाच तिच्या अंतापर्यंतचा विचार करणे, हेच आजच्या भाषेत पर्यावरणस्नेही खरेदीचे तत्त्व होय.

हा विचार आपल्या संविधानातही आहे. 1976 च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने अनुच्छेद 48 क समाविष्ट झाला आणि पर्यावरणाचे संरक्षण हे राज्याचे कर्तव्य ठरले. अनुच्छेद 12 नुसार 'राज्य' या संज्ञेत स्थानिक प्राधिकरणेही येतात. म्हणजेच शिरूर कासारची नगरपंचायत आणि तालुक्यातील प्रत्येक ग्रामपंचायत या कर्तव्याने बांधलेली आहे. निविदा काढताना ते कर्तव्य बाजूला ठेवता येत नाही.

याचा पहिला लाभ तिजोरीला होतो. समजा, 70 वॅटचे शंभर पथदिवे काढून 35 वॅटचे एलईडी दिवे बसविले. रोज बारा तास जळताना 42 युनिट, म्हणजे वर्षाला 15,330 युनिट वीज वाचेल. दिवा घेताना थोडे अधिक पैसे पडले, तरी दरमहा वीजबिलातून ते परत येतात. पाणीपुरवठ्याच्या पंपालाही हाच हिशेब लागू आहे. म्हणून केवळ खरेदीची किंमत न पाहता वापराचा खर्च, दुरुस्ती आणि विल्हेवाट यांचीही बेरीज केली पाहिजे.

दुसरा लाभ आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. महाराष्ट्राने मार्च 2018 मध्ये थर्माकोल व प्लास्टिकच्या एकदाच वापरायच्या ताट-वाट्यांवर बंदी घातली. अशा वस्तू स्वस्त दिसतात. परंतु त्यांची उरलेली किंमत कोण चुकवितो? नालीत हात घालणारा आणि कचऱ्याच्या धुरात उभा राहणारा सफाई कामगार. तो बहुधा कोणत्या समाजाचा असतो, हे वाचकांना सांगणे नको. सभा-समारंभांसाठी स्टीलची ताटे-पेले एकदाच घेणे, गटारासाठी यंत्र आणि कामगारांसाठी हातमोजे घेणे, हा सामाजिक न्यायाचाच भाग आहे.

तिसरा लाभ स्थानिक रोजगाराचा. पळसाच्या पत्रावळी, कापडी पिशव्या, गावातील कचऱ्याचे कंपोस्ट खत यांना पंचायतीची मागणी मिळाली, तर ऊसतोडीसाठी कोयता घेऊन बाहेर पडणाऱ्या काही कुटुंबांना तरी गावात काम मिळू शकेल.

या शाळेतून शिकून गेलेल्यांनी ग्रामसभेत एवढेच विचारावे : ही वस्तू किती वर्षे टिकेल? तिला वीज-पाणी किती लागेल? आणि मोडल्यावर ती कोणाच्या हातात जाईल? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याविना ठरावावर हात वर करू नये, असे आम्हांस वाटते.