नारळ नसलेल्या मुलखातलं खोबरेल

अमरावतीत अंबादेवीच्या दारात ओटीच्या नारळांचे ढीग असतात, पण नारळाचं झाड वऱ्हाडच्या काळ्या मातीतलं नाही. आपली माती कापसाची, तुरीची, सोयाबीनची. सुकं खोबरं येतं ते मुख्यतः दक्षिणेतून. कर्नाटकातलं तिपटूर आणि तमिळनाडूतलं कांगेयम या त्याच्या मोठ्या पेठा. तिकडे माल कमी आला की अकोल्याच्या किराणा दुकानात बाटली महागते. 2025 साली तेच झालं. त्या हंगामासाठी तेलाच्या खोबऱ्याचा हमीभाव क्विंटलला 11,582 रुपये होता आणि बाजार त्याच्या कितीतरी वर गेला. केरळात खुद्द पिकवणाऱ्यांच्या घरी तेल किलोला चारशेच्या पुढे पोचलं. एवढी महाग वस्तू घेताना आधी स्वतःची गरज मोजावी.

डोक्याला एका वेळी दोन लहान चमचे, म्हणजे साधारण 10 मिलिलिटर तेल पुरतं. चौघांचं घर, आठवड्यातून दोनदा तेल, म्हणजे महिन्याला साडेतीनशे मिलिलिटरच्या आसपास. लिटरला 450 रुपये धरले तर महिन्याचे 155 ते 160 रुपये. अंगाला लावायचं असेल तर थोडं अधिक. पाच लिटरचा डबा स्वस्त पडतो म्हणून आणला, तर एवढ्याशा वापरात तो वर्षभर सरत नाही आणि अकोल्याच्या 45 अंशांच्या उन्हाळ्यात तेल खवट व्हायला वेळ लागत नाही. दोन-तीन महिन्यांत संपेल तेवढंच घ्यावं.

घाण्यावर विचारतात, “काकू, लिटर देऊ का किलो?” इथे पुष्कळ जण फसतात. एक लिटर खोबरेलाचं वजन सुमारे 915 ग्रॅम भरतं. म्हणजे 450 रुपये लिटर आणि 490 रुपये किलो हे जवळपास एकाच भावाचं तेल आहे. दोन दुकानांचे भाव ताडून पाहायचे तर आधी दोन्ही एका मापात आणावे. बाटल्यांवर छापील किमतीजवळ दर मिलिलिटरची किंमतही बारीक अक्षरात असते, ती वाचावी. मोठी बाटली दरवेळी स्वस्तच पडते असं नाही.

आता लेबल. खाण्याचं तेल असेल तर हिरवा ठिपका आणि अन्नसुरक्षा परवान्याचा 14 अंकी क्रमांक असतो. नुसत्या केसांच्या तेलावर हा परवाना क्रमांक नसतो. छोट्या बाटलीतलं शुद्ध खोबरेल खाद्यतेल की केसांचं, हा कराचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 18 डिसेंबर 2024 रोजी निकाल आला की, केवळ बाटली लहान आहे म्हणून ते केसांचं तेल ठरत नाही. तेव्हा खाद्यतेलाला 5 टक्के आणि केसांच्या तेलाला 18 टक्के कर होता. 22 सप्टेंबर 2025पासून केसांच्या तेलावरही 5च टक्के झाला, त्यामुळे कराचा फरक उरला नाही. घटकांचा फरक मात्र आहे. नारळाचं चित्र आणि मोगऱ्याचा वास असलेल्या स्वस्त बाटलीच्या मागे ‘मिनरल ऑइल’ किंवा ‘लिक्विड पॅराफिन’ लिहिलेलं असेल, तर आपण पैसे खनिज तेलाचे देतो आहोत. ते तेल स्वयंपाकात चुकूनही वापरू नये.

लाकडी घाणे आता अमरावती-अकोला या आपल्या दोन्ही शहरांत दिसतात आणि तिथलं तेल बाटलीपेक्षा महाग का, हे लोक हटकून विचारतात. हिशेब सोपा आहे. किलोभर सुक्या खोबऱ्यातून घाण्यावर साधारण 550 ते 600 ग्रॅम तेल निघतं. म्हणजे किलोभर तेलाला पावणेदोन किलो खोबरं हवं. खोबरं समजा 300 रुपये किलो असेल, तर नुसत्या खोबऱ्याचे 525 रुपये झाले. वर गाळण्याची मजुरी. त्या दिवशीच्या खोबऱ्याच्या भावाच्या पावणेदोन पटीहून कमी दरात कोणी ‘शुद्ध घाण्याचं’ किलोभर तेल देत असेल, तर मला तरी ते तेल नको. आपलं खोबरं नेऊन डोळ्यांसमोर गाळून घेणं सर्वांत चांगलं. वाट्या कडक वाळलेल्या असाव्यात, बुरशीचा एकही काळा डाग नको, आणि गंधकाची धुरी दिलेल्या पांढऱ्याफेक मालाला भुलू नये. निघालेली पेंड मागून घ्यावी किंवा मजुरीत वळती करायला सांगावं. तेल दोन-तीन दिवस निवळू द्यावं आणि कोरड्या बरणीत गाळून भरावं. पाण्याचा थेंब राहिला तर वास येतो. दुकानात उघड्या डब्यातून सुटं खाद्यतेल विकायला कायद्याने मनाई आहे. मी एकदा तसं घेतलं, आठवड्यात मेणासारखा वास सुटला, आणि पावती नसल्याने काहीच करता आलं नाही. पावती असेल तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते.

हे पैसे कशासाठी मोजावेत? केसांसाठी, निःसंकोच. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल केसांवर लावून पाहिली, तेव्हा केसातलं प्रथिन वाहून जाणं फक्त खोबरेलाने कमी झालं. संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीचेच होते, हे सांगायला हवं. पण खोबरेलातलं लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरतं, हे त्यामागचं कारण पटण्याजोगं आहे. म्हणून न्हाण्याच्या आधी तासभर लावावं. कोंडा असेल तर मात्र तेल थापून तो जात नाही, उलट वाढू शकतो. हिवाळ्यात फुटलेल्या टाचा, कोरडे हातपाय यांवर अंघोळीनंतर ओलसर त्वचेला चार थेंब पुरतात. मुरमं असलेल्या चेहऱ्याला, भाजलेल्या जागेला आणि दुखऱ्या कानात ते घालू नये.

पोटात घेण्याबद्दल माझं मत वेगळं आहे. सकाळी अनशापोटी चमचाभर पिण्याचं खूळ आपल्याकडेही आलं आहे. खोबरेलात संपृक्त चरबी 80 ते 90 टक्के असते. 2020 साली अनेक चाचण्या एकत्र तपासल्या तेव्हा इतर वनस्पती तेलांच्या तुलनेत त्याने एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, सुमारे 10 अंकांनी वाढलेलं दिसलं. केरळचा माणूस ते चवीसाठी खातो, ते त्याचं घरचं आहे. आपल्या रश्श्यात भाजलेलं खोबरं असतंच. फोडणीला शेंगदाणा, करडई आणि ताटात जवसाची चटणी असताना जास्त पैसे देऊन हृदयावर ओझं का घालावं? ज्यांना रक्तदाब, साखर किंवा हृदयाचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय चमचा तोंडात घेऊ नये.

दिवाळी सरली की परतवाड्याच्या घरी आजी खोबरेलाची बाटली चुलीच्या उबेला ठेवायची. खोबरेल 24-25 अंशांखाली थिजतं, त्यामुळे आपल्या थंडीत ते पांढरं घट्ट होणारच. पण थिजलं म्हणजे शुद्ध, असं नव्हे. पाम तेलही थिजतं. हिवाळ्यापुरती रुंद तोंडाची बरणी घ्यावी, म्हणजे बोटाने काढता येतं. अरुंद बाटलीच असेल तर ती कोमट पाण्याच्या तांब्यात पाच मिनिटं उभी ठेवावी, गॅसवर धरू नये.