एका कुळाच्या पानांवरचे दोन आश्रित

सुरतेच्या बाजारात येणारे पेरू व जांभूळ आणि ऑस्ट्रेलियातील निलगिरी हे एकाच कुळातले वृक्ष होत. या कुळाच्या पानांवर जगणाऱ्या दोन जीवांची तुलना आम्हांस उद्बोधक वाटली.

पहिला कोआला. लोक त्यास अस्वल म्हणतात. वस्तुतः तो कांगारूसारखा पोटाशी पिशवी बाळगणारा प्राणी. पिल्लू सुमारे सहा महिने पिशवीतच वाढते. निलगिरीच्या पानांत सत्त्व थोडे, विषारी द्रव्ये फार. म्हणून दिवसाचे १८ ते २० तास झोपेत व विश्रांतीत जातात.

दुसरा तांबेरा. आपल्या गव्हा-ज्वारीवर पडतो त्याचाच हा भाऊबंद. या बुरशीचे पहिले वर्णन १८८४ साली ब्राझीलमधील पेरूवरून झाले. कोवळ्या पालवीवर ती पिवळी भुकटी धरते. तिलाही जिवंत पानच लागते. पान मेले की तिचा शिधा संपला.

साम्य एवढेच. झाड बदलायचे तर कोआलाला जमिनीवर उतरावे लागते, आणि तेथे मोटारी व कुत्री असतात. बुरशीची बीजुके वाऱ्यावर, माणसाच्या कपड्यांवरही प्रवास करतात. २०१० साली ती न्यू साउथ वेल्समध्ये आढळली. त्याच प्रांतातला कोआला २०२२ साली संकटग्रस्त ठरला. मात्र त्याचा दोष तांबेऱ्याकडे नाही, जंगलतोड, वणवे, दुष्काळ व रोग यांच्याकडे जातो.