हातात शस्त्र नव्हते, तरी गुन्हेगार कसा?

प्रश्न : रवांडातल्या वंशसंहाराचा खटला पॅरिसमध्ये कसा काय चालतो? आणि ज्याने स्वतः कोणाला मारले नाही, अशा माजी अधिकाऱ्याला त्याबद्दल शिक्षा कशी होते?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाकडे आधी वळतो, कारण खरी गाठ तिथे आहे. १९९४ साली लोराँ बुचिबारुता हे दक्षिण रवांडातल्या गिकोंगोरो प्रांताचे प्रशासकीय प्रमुख होते; आपल्याकडच्या जिल्हाधिकाऱ्यासारखे पद. त्या एप्रिलमध्ये जीव मुठीत धरून पळणाऱ्या, या वंशसंहाराचे लक्ष्य असलेल्या तुत्सी समाजाच्या लोकांना मुराम्बीच्या टेकडीवर, बांधकाम सुरू असलेल्या तंत्रशाळेत जमायला सांगण्यात आले. तिथे संरक्षण मिळेल, असा शब्द दिला गेला. मग पाणी तोडले. २१ एप्रिलच्या पहाटे हल्ला झाला आणि हजारो माणसे मारली गेली. एवढी माणसे एका टेकडीवर गोळा करणे कोयतेवाल्या जमावाला जमले नसते. ती तिथे गेली सरकारी शब्दावर भरवसा ठेवून.

म्हणूनच १९४८ च्या वंशसंहारविरोधी कराराने अशा गुन्ह्याला साथ देणे हाही स्वतंत्र गुन्हा मानला. फ्रेंच कायद्यात तर साथीदाराला मुख्य गुन्हेगाराइतकी शिक्षा देता येते. मात्र नुसते पद पुरेसे नाही. काय चालले आहे हे ठाऊक असून मदत केली, हे सिद्ध व्हावे लागते. आपण हतबल होतो, असा बुचिबारुतांचा बचाव होता. जुलै २०२२ मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने त्यांना साथीदार म्हणून २० वर्षांची शिक्षा दिली, पण काही आरोपांतून मुक्तही केले. एकेक घटना वेगळी तपासली गेली, म्हणून या निकालाला माझ्या लेखी वजन आहे.

आता पॅरिसच का? बुचिबारुता १९९७ पासून फ्रान्समध्ये राहत होते. अशा संशयितांना रवांडाच्या हवाली करायला फ्रेंच न्यायालये नकार देत आली. १९९४ मध्ये रवांडाच्या कायद्यात या गुन्ह्याची शिक्षा ठरलेली नव्हती, हे त्यांचे कारण. मग खटला फ्रान्समध्येच चालवायचा, नाहीतर माणूस मोकळा. १९९६ च्या फ्रेंच कायद्याने तो अधिकार दिला होता, आणि २००७ मध्ये रवांडासाठी अरुशात स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने हे प्रकरण फ्रान्सकडे सोपवले. बेल्जियम आणि जर्मनीतही असे खटले झाले आहेत. भारताने १९४८ चा तो वंशसंहारविरोधी करार १९५९ मध्ये मंजूर केला, पण आपल्या नव्या न्याय संहितेतही वंशसंहार हा वेगळा गुन्हा नाही. ही उणीव मला फार खुपते.

या मार्गातले सर्वांत मोठे दुखणे म्हणजे विलंब. तक्रार झाली २००० साली. खटला उभा राहिला तेव्हा आरोपी ७८ वर्षांचे होते. वाचलेल्या माणसांनी न्यायालयासमोर ते सगळे पुन्हा सांगितले. निकालाविरुद्ध अपील झाले, आणि त्याची सुनावणी होण्यापूर्वीच, डिसेंबर २०२३ मध्ये, बुचिबारुता वारले. ती शिक्षा अंतिम झालीच नाही.