जेवायचं असतं, पण घास उतरत नाही

प्रश्न : मी अकरावीत आहे. वर्षभरात जेवण खूप कमी केलंय. पहाटे कळंबा तलावावर फिरते, संध्याकाळी पुन्हा. चार महिने पाळी नाही. आई म्हणते, नखरे पुरे. मला भूक लागते, पण आतून कुणीतरी 'जाड होशील' म्हणतं. मी हट्टी आहे का?
— एक वाचक, कळंबा, कोल्हापूर

उत्तर : नाही गं. ही लक्षणं अ‍ॅनोरेक्सिया या आजाराची असू शकतात. नक्की काय ते तपासूनच ठरेल. उपाशी मेंदू अन्नाभोवतीच घुटमळतो. १९४४-४५ साली अमेरिकेत मिनेसोटा इथं धडधाकट तरुणांना अर्धपोटी ठेवून पाहिलं, तर त्यांचंही मन असंच अन्नात अडकलं. पाळी थांबणं मात्र अंगावर काढू नकोस, हाडं ठिसूळ होतात.

हे उत्तर आईलाही वाचायला दे. दोघी कोल्हापुरातल्या सीपीआर रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जा. रक्ततपासणी, ईसीजी होईल. जेवण डॉक्टरांच्या सल्ल्यानंच वाढव. फार दिवसांनी एकदम भरपूर खाणंही धोक्याचं असतं. तोवर तलावाच्या फेऱ्या बंद! चक्कर आली, छातीत धडधडलं किंवा जगणं नकोसं वाटलं, तर त्याच क्षणी घरच्यांना सांग आणि रुग्णालय गाठ. नुसतं बोलायचं असेल, तर 'टेली मानस' या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. चोवीस तास, मराठीतूनही.