मोटार बदलली, पण पाणी कमी का?



ऐन उन्हाळ्यात विहिरीवरची मोटार जळते. अंबाजोगाईला किंवा परळीला नेऊन ती भरून आणतो, नाहीतर दुसरी बसवतो. बटण दाबले की पाणी येते, पण पूर्वीसारखे येत नाही. मग विहिरीला बोल, पंपाला बोल, मोटार भरणाऱ्याला तर हमखास बोल! घाटनांदूरच्या शिवारात उसाला आठ दिवस कमी पाणी म्हणजे काय, हे आम्ही सांगायला नको. तेव्हा पंप खोलण्याआधी मोटारीची दिशा आणि तिची बैठक, या दोन गोष्टी तपासाव्यात.

उलटा फिरणारा पंप पाणी देतच नाही, असा समज आहे. तो खरा नाही. इंपेलर उलटा फिरला तरी पाणी बाहेरच फेकतो, फक्त थोडे आणि कमी जोराने. म्हणूनच चूक लपून राहते. इंपेलर आट्यांवर बसवलेला असेल तर तो सुटून आतल्या आत घासतो, ते वेगळेच.

दिशा पाहण्यासाठी मेन स्विच पाडून फ्यूज काढावेत. नुसता स्टार्टर बंद करून भागत नाही, त्याच्या वरच्या टोकांना करंट असतोच. शिवाय ऑटो बसवलेला असेल तर लाइन येताच मोटार आपोआप सुरू होते. म्हणून ऑटो आधी बंद करावा. मग कपलिंगच्या पिना काढून मोटार मोकळी करावी, फ्यूज बसवून बटण क्षणभर दाबावे आणि पंपाच्या अंगावर ओतलेल्या बाणाशी दिशा ताडून पाहावी. उलटी असेल तर पुन्हा लाइन तोडून तीनपैकी कोणत्याही दोन वायरींची अदलाबदल करावी. तिन्ही वायरी एकेक घर पुढे सरकवल्या तर दिशा तीच राहते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. स्टार-डेल्टा स्टार्टर असेल तर मोटारीकडच्या सहा वायरींना हात लावू नये, येणाऱ्या लाइनच्याच दोन बदलाव्यात. पाण्यातली मोटार डोळ्यांनी दिसत नाही. ती दोन्ही दिशांनी थोडा थोडा वेळ चालवावी. जिकडे पाणी जास्त आणि जोराचे, ती दिशा खरी. डीपी बदलून आली तरी हीच तपासणी करावी. तिथे फेज इकडेतिकडे झाले की त्या डीपीवरच्या सगळ्याच मोटारी उलट्या फिरतात.

आता बैठक. मोनोब्लॉकवाल्यांनी हा भाग सोडला तरी चालेल. कपलिंगच्या पंपाला मात्र नवी मोटार जुन्याच भोकांत बसली म्हणजे सरळ बसली, असे होत नाही. कपलिंगच्या दोन्ही चकत्यांवर लोखंडी सरळ पट्टी आडवी ठेवावी. वर, खाली आणि दोन्ही बाजूंना ती फटीशिवाय टेकली पाहिजे. मग दोन चकत्यांमधले अंतर त्याच चार ठिकाणी मोजावे. एकच पातळ पट्टी चारही ठिकाणी सारखीच सरकली पाहिजे. मोटारीचा एखादा पाय अधांतरी असेल तर बोल्ट आवळून तो खाली ओढू नये, त्याखाली पत्र्याच्या चकत्या घालाव्यात. बोल्ट आवळल्यावर आणि पाइप जोडल्यावर पुन्हा मोजावे, कारण पाइपाच्या ताणाने पंप सरकतो. हे काम अर्ध्या दिवसाचे आहे. ते टाळले की आधी कपलिंगचे रबर झिजते, मग बेअरिंग ओरडते, आणि मोटार पुन्हा भरायला जाते.

दुसरी मोटार घेताना पाटीवर एच.पी. तर वाचावाच, फेरेही वाचावेत. १४४० फेऱ्यांच्या पंपाला २८८० ची मोटार लावली तर तिच्यावर आठपट भार पडतो. ५ एच.पी.च्या जागी ४० लागतील, म्हणजे ती जळणारच. उलट २८८० च्या पंपाला १४४० ची लावली तर पाणी चढण्याची उंची चौथाईवर येते. २० मीटर चढवणारा पंप ५ मीटरवर अडतो, आणि आपण फुटबॉल गळतोय म्हणून विहिरीत उतरतो!

नव्या मोटारीच्या पाटीवर लिहिलेल्या अँपिअरनुसार स्टार्टरचा रिले लावून घ्यावा. जुन्या मोटारीवरचा तसाच ठेवू नये.