व्हायवॅक्स हिवताप आणि ‘डफी’चे दार

आपल्या पहिल्या गुणसूत्रावर ‘डफी’ नावाचे जनुक आहे. त्यापासून तांबड्या पेशीच्या आवरणावर एक ग्राहक प्रथिन तयार होते. व्हायवॅक्स हिवतापाचा जंतू याच दारातून पेशीत शिरतो. पश्चिम आफ्रिकेतील बहुतेकांच्या जनुकात एकाच अक्षराचा फरक असतो, म्हणून त्यांच्या तांबड्या पेशीवर हे दारच नसते. त्यांना व्हायवॅक्स क्वचितच होतो. आपल्याकडे बहुतेकांना ते असते, जात कोणतीही असो.

फॅल्सिपेरमला हे दार लागत नाही, आणि गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात त्याचाच जोर जास्त. म्हणून ताप आला की आशाताईकडून रक्त तपासून घ्या.

व्हायवॅक्स यकृतात दडून राहतो. ताप उतरला तरी प्रायमाक्वीनच्या १४ दिवसांच्या गोळ्या पूर्ण करा. गरोदर बाईला मात्र त्या देत नाहीत. लघवी काळपट झाली तर गोळी थांबवून लगेच दवाखाना गाठा.